झाग्रेबच्या पोराचा विक्रम, बेलग्रेडची वही

२७ मार्च २०२१ला बेलग्रेडमध्ये सर्बिया आणि पोर्तुगाल यांच्यात वर्ल्ड कपचा पात्रता सामना झाला. तो लोकांच्या लक्षात राहिला रोनाल्डोमुळे. शेवटच्या क्षणी त्याने मारलेला चेंडू गोलरेषा ओलांडून गेला होता, पण पंचांनी गोल दिला नाही. रोनाल्डोने चिडून कप्तानाची पट्टी काढली आणि मैदानावर भिरकावली. दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांत तोच फोटो.

त्याच सामन्यात, दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच सर्बियाच्या अलेक्सांदर मित्रोविचने हेडरने गोल केला होता. देशासाठी त्याचा तो ३९वा गोल. त्याबरोबर सर्बियाच्या सार्वकालिक यादीत तो पहिला आला आणि ३८ गोलांवर असलेला स्त्येपान बोबेक दुसऱ्या नंबरवर सरकला. हा बोबेक जन्मला झाग्रेबमध्ये, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या राजधानीत. तिथेच वाढला, फुटबॉल तिथेच शिकला. मग त्याचे गोल सर्बियाच्या नावावर कसे? आणि क्रोएशियाच्या यादीत, जिथे दावोर शुकेर ४५ गोल घेऊन सगळ्यात वर बसलाय, तिथे बोबेकचं नाव अगदी तळाशीसुद्धा का नाही?

याचं उत्तर फुटबॉलच्या नियमांत कमी आणि महसूल खात्याच्या कारभारासारख्या एका व्यवहारात जास्त आहे.

आपल्याकडे एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की जमिनीचे तुकडे पडतात, फेरफार होतो, प्रत्येकाचा सातबारा वेगळा निघतो. युगोस्लाव्हिया हे असंच सहा भावांचं एकत्र घर होतं: सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, मॅसेडोनिया आणि माँटेनेग्रो. १९९१-९२ मध्ये ते फुटलं, आणि वाटणी रक्तपाताने झाली. जमीन वाटता येते, कारखाने वाटता येतात, कर्जसुद्धा वाटता येतं. पण १९५२ साली मारलेला गोल कसा वाटणार? तो मारणारा झाग्रेबचा, पास देणारा बेलग्रेडचा, गोलकीपर स्प्लिटच्या क्लबचा. फिफाने मग सरळ मार्ग काढला: एकच वारस धरायचा आणि जुनी वही पूर्ण त्याच्या नावावर करायची. सर्बिया आणि माँटेनेग्रो १९९२ नंतरही 'युगोस्लाव्हिया' हेच नाव लावून एकत्र राहिले होते, फुटबॉल संघटनेचं ऑफिसही बेलग्रेडलाच होतं, त्यामुळे वही तिकडे गेली. २००३ मध्ये देशाचं नाव 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' झालं, २००६ मध्ये माँटेनेग्रोही वेगळा झाला, तरी वही सर्बियाकडेच राहिली. क्रोएशियाने १९९२ मध्ये फिफात नव्याने खातं उघडलं, तेही कोऱ्या पानावर.

असं फक्त तिथेच घडलं असं नाही. सोव्हिएत संघाचा सर्वाधिक गोलांचा मानकरी ओलेग ब्लोखिन, ४२ गोल. तो कीव्हचा, म्हणजे युक्रेनचा. फिफाच्या हिशोबात सोव्हिएत वही रशियाकडे आहे. मला विचाराल तर ही सोय आहे, न्याय नव्हे. पण फुटलेल्या देशांच्या बाबतीत दुसरी कुठली पद्धत बरी ठरली असती, हेही मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आता मूळ माणसाकडे येऊ.

बोबेकचा जन्म ३ डिसेंबर १९२३चा. तेव्हा देशाचं नाव होतं 'सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य'. तो पाच-सहा वर्षांचा असताना त्याचं 'युगोस्लाव्हिया' झालं. सतरा वर्षांचा असताना, एप्रिल १९४१ मध्ये, जर्मनी आणि इटलीने देशाचे लचके तोडले आणि क्रोएशियात उस्ताशा नावाच्या फॅसिस्ट संघटनेचं बाहुलं सरकार बसवलं. त्या सरकारने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल चालवली होती, आणि त्याच काळात झाग्रेबमध्ये फुटबॉलची लीगही चालू होती. हे दोन्ही एकाच वाक्यात लिहिताना हात अडखळतो, पण घडलं ते तसंच. १९४३ मध्ये बोबेक शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्लबात, ग्राज्यान्स्कीमध्ये आला.

तिथला प्रशिक्षक होता मार्टन बुकोवी नावाचा हंगेरियन. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. तीसच्या दशकात मध्य युरोपातले बरेच संघ जुन्याच पद्धतीने खेळत होते, पण बुकोवीने झाग्रेबच्या पोरांना इंग्लंडमधली नवी रचना शिकवली. ती वरून पाहिली तर पुढचे पाच जण इंग्रजी डब्ल्यूसारखे आणि मागचे पाच एमसारखे उभे दिसतात. म्हणून तिला डब्ल्यूएम म्हणतात.

बोबेक कोण होता हे कळायचं तर या डब्ल्यूकडे जरा नीट बघायला हवं. डब्ल्यूची वरची तीन टोकं म्हणजे दोन्ही कडांचे विंगर आणि मधला सेंटर फॉरवर्ड. खालची दोन टोकं म्हणजे आठ आणि दहा नंबरचे खेळाडू. यांना म्हणत इनसाइड फॉरवर्ड. बोबेकची जागा यातली होती. आजच्या भाषेत आपण त्याला बिनधास्त 'स्ट्रायकर' म्हणून टाकतो, पण तो गोलसमोर ठाण मांडून बसणारा गडी नव्हता. तो मागून यायचा. मधल्या फळीतून चेंडू उचलायचा, एकदोघांना चकवायचा, पास द्यायचा आणि मग स्वतःच गोलच्या तोंडाशी पोचायचा. बचावपटूची यात पंचाईत होते. त्याच्या मागे जावं तर आपली जागा मोकळी पडते, जागेवर थांबावं तर हा मोकळा सुटतो. टाचेने मागे पास देणं ही बोबेकची खास खोड. पाठ फिरवलेली असताना मागे कोण धावत येतंय हे त्याला कसं कळायचं, याबद्दल त्याला बघितलेली पिढी आयुष्यभर बोलत राहिली. झाग्रेबकडच्या बोलीत स्त्येपानचा 'श्तेफ' होतो. सगळा देश त्याला श्तेफच म्हणायचा.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, टिटोंच्या पार्टिझान सैन्याची सत्ता आली. शत्रूच्या राजवटीत लीग खेळलेले क्लब नव्या सरकारने बंद केले. ग्राज्यान्स्कीही गेला. त्याचे निळे रंग आणि बरेचसे खेळाडू घेऊन झाग्रेबमध्ये डिनामो क्लब उभा राहिला. बोबेक मात्र डिनामोत गेला नाही. ४ ऑक्टोबर १९४५ला बेलग्रेडमध्ये सैन्याने स्वतःचा क्लब काढला, नाव पार्टिझान, आणि बोबेक तिथे गेला.

सैन्याचा क्लब म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. आपल्याकडे संतोष ट्रॉफीत सर्व्हिसेसचा संघ असतो. कुठल्याही राज्याचा जवान त्यात खेळतो, तो कुठल्या गावचा हे कोणी विचारत नाही. पार्टिझानचं तसंच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर आणि सत्तेच्या जोरावर. देशभरातला गुणी पोरगा त्यांना हेरता येत होता. त्यामुळे बेलग्रेडच्या या क्लबचा कणा झाग्रेबच्या मुलांचा झाला: बोबेक, हाफबॅक झ्लात्को चायकोव्स्की, नंतर विंगर ब्रांको झेबेक. पहिला प्रशिक्षकही झाग्रेबहून आलेला गोलकीपर फ्रान्यो ग्लाझेर. तेव्हा 'सर्बियन क्लबात क्रोएट' असं कोणी मोजत नव्हतं, किंवा मोजत असलं तरी मोठ्याने नाही. ती मोजणी पुढच्या पिढ्यांनी केली आणि मागच्यांना लावली.

युद्धानंतरची पहिली लीग, १९४६-४७ची, पार्टिझानने जिंकली. त्याच हंगामात निशच्या एका संघाला त्यांनी १०-१ असं धुतलं, आणि दहापैकी बहुतेक गोल एकट्या श्तेफचे होते. १९४९ मध्ये पुन्हा विजेतेपद आलं, मधेमधे चार वेळा कप. क्लबच्या स्वतःच्या नोंदीत, मैत्रीपूर्ण सामने धरून, बोबेकचे ४७८ सामन्यांत ४२५ गोल आहेत. मैत्रीपूर्ण सामन्यांतले गोल थोडे स्वस्त असतात हे मान्य, पण ४२५ हा आकडा कितीही सवलत दिली तरी मोठाच राहतो.

बेलग्रेडमध्ये त्याच वर्षी आणखी एक क्लब निघाला होता: रेड स्टार. पार्टिझान आणि रेड स्टार यांच्यातलं वैर आजही युरोपात कुप्रसिद्ध आहे. त्या रेड स्टारचा राजा होता राय्को मितिच. तोही इनसाइड फॉरवर्ड. क्लबच्या सामन्यात बोबेक आणि मितिच समोरासमोर, आणि देशाच्या सामन्यात डब्ल्यूच्या खालच्या दोन टोकांवर शेजारीशेजारी: मितिच उजवीकडे, बोबेक डावीकडे. मितिचचे देशासाठी ५९ सामन्यांत ३२ गोल, बोबेकचे ६३ सामन्यांत ३८. सेंटर फॉरवर्ड बदलत राहिले, ही जोडी राहिली.

या जोडीची कथा सांगताना १९५०च्या वर्ल्ड कपमधला तो लोखंडी बार टाळता येत नाही. १ जुलै, रिओ, नुकतंच उभं राहिलेलं माराकाना, यजमान ब्राझील समोर. युगोस्लाव्हियाने आधी स्वित्झर्लंडला ३-० आणि मेक्सिकोला ४-१ हरवलं होतं. मेक्सिकोविरुद्धचा पहिला गोल बोबेकचा. गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि युगोस्लाव्हियाला बरोबरीसुद्धा चालणार होती. ड्रेसिंग रूममधून बाहेर पडताना मितिचचं डोकं वरच्या लोखंडी बारला आपटलं, कपाळ फुटलं. तेव्हा बदली खेळाडू ही भानगड नव्हती. दहा जणांनी सामना सुरू केला आणि चौथ्याच मिनिटाला अदेमिरने गोल मारला. मितिच डोक्याला पट्टी बांधून आला, पण ब्राझीलने आणखी एक मारून २-० ने सामना जिंकला. त्याच ब्राझीलला पुढे उरुग्वेने घरच्या मैदानावर रडवलं हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र नेहमी वाटतं, तो दरवाजा चार इंच उंच असता तर काय झालं असतं?

मग ऑलिंपिक. इथे आणखी एक गोष्ट उलगडायला हवी. तेव्हा ऑलिंपिक फुटबॉलमध्ये फक्त हौशी खेळाडू चालायचे. इंग्लंड, इटलीचे चांगले खेळाडू व्यावसायिक, त्यामुळे बाद. समाजवादी देशांत मात्र कागदोपत्री कोणी व्यावसायिक नव्हताच. कोणी सैनिक, कोणी विद्यार्थी, कोणी कारखान्यातला कामगार. त्यामुळे त्यांचा राष्ट्रीय संघ जसाच्या तसा ऑलिंपिकला यायचा. म्हणून १९४८ लंडन, १९५२ हेलसिंकी आणि १९५६ मेलबर्न, तिन्ही वेळा युगोस्लाव्हियाला रौप्य मिळालं. त्यातली पहिली दोन बोबेकची. लंडनला फायनलमध्ये स्वीडनविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचाच होता, पण स्वीडनने ३-१ ने जिंकलं.

हेलसिंकीला पहिला सामना होता भारताशी. १५ जुलै १९५२. शैलेन मन्ना कप्तान, आपले बरेच खेळाडू अनवाणी, मैदान थंड आणि ओलं. युगोस्लाव्हिया १०, भारत १. झेबेकचे चार, वुकास, मितिच आणि ओग्न्यानोव यांचे दोन-दोन. बोबेकच्या नावावर त्यात एकही नाही. आपला एकमेव गोल अहमद खानचा. या पराभवानंतर आपल्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नच्या सेमीफायनलला पुन्हा तेच दोन देश समोरासमोर आले, आणि या वेळी पहिला गोल भारताचा होता, गोव्याच्या मातीतल्या, मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचा. शेवटी सामना ४-१ ने गेलाच. पण १०-१ आणि ४-१ यांच्यात चार वर्षांची मेहनत दिसते. बोबेक तोवर संघातून बाहेर पडला होता.

हेलसिंकीच्या स्पर्धेतला खरा नाट्यमय सामना झाला तांपेरे शहरात, सोव्हिएत संघाशी. १९४८ मध्ये स्टालिनने टिटोंना कम्युनिस्ट बिरादरीतून हाकललं होतं. वाळीत टाकलेला भाऊ आणि थोरला भाऊ मैदानावर आमनेसामने. हाफनंतर लगेच बोबेकने चौथा गोल मारला, तासाभरात युगोस्लाव्हिया ५-१ ने पुढे. संपलं असं वाटलं. मग व्सेवोलोद बोब्रोवने हॅटट्रिक केली आणि सामना ५-५ वर आला. जादा वेळेतही कोणी हललं नाही. दोन दिवसांनी पुन्हा खेळवला तेव्हा पहिला गोल सोव्हिएत संघाचा, पण युगोस्लाव्हियाने ३-१ ने जिंकला. त्यातला एक बोबेकचा, पेनल्टीवर. मॉस्कोत याचे पडसाद असे उमटले की सैन्याचा सीडीएसए हा क्लबच बरखास्त करण्यात आला. म्हणजे झाग्रेबमध्ये हरलेल्या राजवटीमुळे बोबेकचा जुना क्लब बंद पडला आणि फिनलंडमध्ये हरलेल्या सामन्यामुळे मॉस्कोतला. फरक एवढाच, की सीडीएसए स्टालिनच्या मृत्यूनंतर परत आला. ग्राज्यान्स्की त्या नावाने परत आला नाही.

फायनलला समोर होता हंगेरी. पुश्काशची पेनल्टी गोलकीपर बेआराने अडवली, पण नंतर पुश्काश आणि चिबोर यांनी गोल केले, ०-२. आता बुकोवीला परत बोलावू. झाग्रेब सोडून तो बुडापेस्टला गेला आणि एमटीके क्लबात त्याने सेंटर फॉरवर्डला मुद्दाम मागे खेचून खेळवायला सुरुवात केली. हीच युक्ती हंगेरीच्या राष्ट्रीय संघाने घेतली आणि १९५३ मध्ये वेंबलीवर इंग्लंडला ६-३ असं झोपवलं. ज्या शिक्षकाकडे बोबेक तरुणपणी शिकला, त्याच शिक्षकाचा हात त्या सोनेरी हंगेरियन पिढीमागेही होता.

१९५४च्या वर्ल्ड कपला हीच मंडळी स्वित्झर्लंडला गेली, क्वार्टर फायनलला पश्चिम जर्मनीकडून ०-२ ने हरली. त्या हंगामात लीगमध्ये २१ गोल मारून बोबेक सर्वाधिक गोल करणारा ठरला होता, तिशीत. १९५६ मध्ये देशाकडून शेवटचा सामना, तोही हंगेरीशीच.

परदेशात पैसे कमवायला तो का गेला नाही? कारण जाऊ देत नव्हते. चांगल्या खेळाडूला उमेदीची वर्षं देशातच घालवावी लागत, वय झालं की परवानगी. चायकोव्स्की १९५५ मध्ये कोलोनला गेला तेव्हा तिशी उलटली होती, वुकास बोलोन्याला गेला तेव्हा तीस वर्षांचा होता. पुढे चायकोव्स्कीने आणि मग झेबेकने बायर्न म्युनिकला प्रशिक्षण दिलं. बोबेकने प्रशिक्षक म्हणून वॉर्सा गाठलं, मग पार्टिझानला परत आला, आणि ग्रीसमध्ये तर कमालच केली: १९६३-६४ मध्ये त्याच्या हाताखाली पानाथिनायकोसने अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकली.

आता त्या ३८ च्या आकड्याकडे. तो इतका टिकला याचं एक कारण बोबेक थोर होता हे. दुसरं कारण जरा विचित्र आहे: देशच संपला. त्याच्या सगळ्यात जवळ पोचला पार्टिझानचाच मिलान गालिच. त्याने फक्त ५१ सामन्यांत ३७ गोल केले होते. सरासरी काढली तर गालिच बोबेकच्या पुढे जातो. १९६०च्या रोम ऑलिंपिक फायनलमध्ये गालिचने पहिल्याच मिनिटाला गोल मारला आणि हाफच्या आधी पंचांनी त्याला बाहेर काढलं. सुवर्ण तरीही मिळालं. पण त्याची कारकीर्द आखूड निघाली, विक्रम एका गोलाने राहिला. त्यानंतर युरोपभर बचाव घट्ट झाला, पाचऐवजी दोन-तीन फॉरवर्ड खेळू लागले. ड्रागान जायिच ८५ सामने खेळला, पण त्याचे गोल २३. २५ मार्च १९९२ला ॲमस्टरडॅममध्ये नेदरलँड्सविरुद्ध ०-२ अशा हारीने त्या सहा भावांच्या संघाची वही मिटली, तेव्हा पहिल्या ओळीत बोबेकच होता. तो तेव्हा ६८ वर्षांचा होता. ज्या क्रोएशियाच्या यादीत तो नाही, त्या क्रोएशियाकडून खेळायचं त्याचं वय कधीच निघून गेलं होतं.

क्रोएशियाच्या महासंघाने २००० साली आपला सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू निवडला तो बर्नार्ड वुकास. तोही झाग्रेबचा, तोही त्याच युगोस्लाव्ह संघाचा. पण त्याची उमेदीची वर्षं गेली स्प्लिटच्या हायदुकमध्ये, क्रोएशियाच्या मातीतल्या क्लबात. १९५५ मध्ये बेलफास्टला युरोपच्या संघाकडून ब्रिटनविरुद्ध हॅटट्रिक मारणाऱ्याला हा मान मिळाला याबद्दल तक्रार नाही. फक्त दोघांचं बालपण एकाच शहरात गेलं आणि आठवण वेगवेगळ्या शहरांनी वाटून घेतली, एवढं दिसतं. बोबेक बेलग्रेडलाच राहिला आणि २२ ऑगस्ट २०१०ला तिथेच गेला. पार्टिझानवाले त्याला आपल्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ मानतात.

मित्रोविचही पार्टिझानमध्येच घडलेला. त्याने श्तेफला मागे टाकलं ते मैदान मात्र पार्टिझानचं नव्हतं, रेड स्टारचं होतं. त्या मैदानाला २०१४ पासून राय्को मितिचचं नाव आहे.